मरळीच्या पोटातला रबरी किडा

मंडळी, गेले पंधरा दिवस नळाच्या पाण्यावर आणि रस्त्यांच्या खड्ड्यांवर लिहून झालं. आज माशावर लिहितो. शाकाहारी मित्रांनी आधीच माफ करावं, पण शेवटपर्यंत वाचावं. गोष्ट माशाची असली तरी पाणी आपल्या सगळ्यांचं आहे.

परवाच्या रविवारी मी आणि माझा मुलगा पैठण तालुक्यातल्या एका पाझर तलावावर गळ टाकायला गेलो होतो. पोरगा नववीत आहे. तलावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर पुढच्या रविवारी तिथं पन्नास गाड्या उभ्या राहतील, हा अनुभव आहे. तलाव ज्या मच्छीमार संस्थेकडे आहे त्यांना विचारून, त्यांच्या परवानगीनं आम्ही जातो. सकाळी साडेसातच्या सुमारास गांडुळावर एक मरळ लागली. सव्वा किलोची भरली. आमच्या घरात मासा साफ करायचं काम माझं आणि फोडणी बायकोची, हा लग्नापासूनचा करार आहे. मरळ हातातून निसटते म्हणून तिला राख चोळली, खवले काढले, पोट चिरलं. आणि आतून बोटभर लांबीचा, पोपटी रंगाचा, चकाकणारा रबराचा एक तुकडा बाहेर आला.

आधी वाटलं फुटका फुगा असेल. नळाखाली धुऊन बघितला. अंगावर बारीक वळ्या, मागं चपटं शेपूट, पुढं गळ ओवल्याचं भोक. पोराला हाक मारली. त्यानं बघितलं, काही बोलला नाही, आत गेला आणि कपाटातून त्याचं पाकीट घेऊन आला. पाकिटातला किडा आणि पोटातला किडा शेजारी शेजारी ठेवले. तोच रंग, त्याच वळ्या. फरक एवढाच, की पोटातला जवळजवळ दीडपट जाड झाला होता.

पाकीट आणलं तेव्हा त्यात आठ होते. आता तीन उरलेत. एक फाटला तो घरच्या कचऱ्यात टाकला. राहिलेले चार पाण्यात गेले. म्हणजे शेवाळात, बाभळीच्या बुडालेल्या फांदीत अडकून तंगूस तुटला आणि गेले. आता हा किडा त्या चारांतलाच होता का, की दुसऱ्या कुणाचा? त्या तलावावर आम्ही एकटेच जात नाही आणि असली पाकिटं ऑनलाइन कुणालाही मिळतात. सांगता येत नाही. पण ‘आमचा नव्हता’ असंही मला छातीठोकपणे म्हणता येईना. त्या दिवशी मरळीचं कालवण झालं, पण जेवताना बोलणं झालं नाही.

म्हणून आज हा विषय: गळाला खरं आमिष लावायचं की रबरी?

माझं बालपण पैठण रोडच्या एका खेड्यात गेलं. तेव्हा हा प्रश्नच नव्हता. काठी बांबूची, तरंगायला ज्वारीच्या धांड्याचा तुकडा, बुडवायला शिशाची गोळी, आणि गळाला गांडूळ. गांडूळ मिळायचं उकिरड्याच्या कडेला किंवा गोठ्यामागच्या ओलीत. चार कुदळी मारल्या की डबा भरायचा. रोहू-मृगळासाठी कणकेचा गोळा, त्यात शेंगदाण्याची पेंड आणि चिमूटभर हळद. आई म्हणायची, माणसाला भाकर आणि माशाला गव्हाची कणीक, घ्या! शिंगाळ्यासाठी कोंबडीची आतडी. आणि मरळीसाठी बेडूक. जिवंत बेडूक.

हे शेवटचं जरा सविस्तर सांगतो, कारण आजचे गांडूळवाले रबरवाल्यांना नावं ठेवताना ते सोयीस्करपणे विसरतात. आम्ही पोरं पावसाळ्यात छोटी बेडकं पकडायचो. पाठीच्या कातडीतून गळ ओवायचा, मेलं तर उपयोग नाही, हातपाय हलत राहिले पाहिजेत. आणि ते पाण्यावर नाचवायचं. एका सकाळी सहा-सात बेडकं सहज जायची. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. आज वाटतं. बेडूक शेतातले किडे खातो, हे आपल्या देशाला फार उशिरा उमगलं. परदेशी ताटांसाठी बेडकाच्या तंगड्या पाठवायचा धंदा जोरात होता, तो १९८७ मध्ये निर्यातबंदीनं थांबला. आमच्या तळ्यावरचा बेडकांचा कारखाना मात्र त्यानंतरही चालू होता.

म्हणून पोरानं दोन वर्षांपूर्वी मोबाइलवर रबरी बेडूक दाखवला तेव्हा मी लगेच हो म्हणालो. आतून पोकळ, मऊ, दोन गळ पाठीवर चिकटवलेले. मरळीनं दाबला की गळ उघडे पडतात, त्यामुळं शेवाळात फारसा अडकत नाही. नंतर त्यानं ते पोपटी किड्यांचं पाकीट मागवलं. एक बेडूक आणि आठ किडे मिळून साडेपाचशे रुपये लागले. माझ्या लहानपणी तेवढ्यात वर्षभराचे गळ आले असते. पण म्हणलं जाऊ द्या, पोरगं मोबाइल सोडून उन्हात उभं राहतंय ना.

आणि खरं सांगतो, रबराचे फायदे मी डोळ्यांनी बघितले. एक, जीव जात नाही. गांडुळाचाही नाही, बेडकाचाही नाही. दोन, गांडूळ मासा गिळतो. त्याला ते खाणंच वाटतं, तो ते पोटापर्यंत नेतो. गळ घशात किंवा आतड्यात रुततो. मग मासा विताएवढा असला तरी सोडून उपयोग नसतो, तो जगत नाही. रबराचं तसं नाही. मासा झडप घालतो आणि तुम्ही तेवढ्यात ओढता. गळ बहुतेक वेळा ओठात असतो. चिमट्यानं काढा, पाण्यात सोडा, गेला. लहान मासा सोडायचा असेल तर रबर बरं, यात वाद नाही. तीन, एकाच किड्यावर चार-पाच मासे निघतात. गांडूळ प्रत्येक वेळी नवं लागतं, आणि गांडूळ आता सापडतं कुठं? कापसाच्या रानात खतं-औषधं मारून मारून माती अशी झालीय की कुदळ मारली तर ढेकूळच निघतं. गेल्या वर्षी आम्ही गांडुळासाठी तीन शेतं फिरलो. शेवटी एका म्हशीच्या गोठ्यामागं मिळाली.

तोटाही सांगतो. कटला, रोहू रबराकडे ढुंकूनही बघत नाहीत. ते वासावर, चवीवर खाणारे. त्यांना कणीकच लागते. रबर चालतं ते शिकार करणाऱ्या माशाला: मरळ, शिंगाळा. म्हणजे सगळ्या तळ्यासाठी एकच आमिष, असं कुठं नसतंच.

‘आमिष’ हा शब्द मुळात मांस या अर्थाचा. म्हणून तर आपण सामिष-निरामिष म्हणतो. त्या हिशोबानं रबरी किडा म्हणजे निरामिष आमिष. आमच्या घरात हा विनोद बराच चालला. मरळीच्या पोटातून तो निघेपर्यंत.

हा किडा कशाचा असतो ते मग शोधून वाचलं. रबर म्हणतो आपण, पण ते रबर नसतं. पीव्हीसी असतं. आपल्या बोअरच्या पाइपाचं जे प्लास्टिक, तेच. ते मऊ लुसलुशीत व्हावं म्हणून त्यात तेलासारखी रसायनं घालतात. त्यांतल्या थॅलेट नावाच्या गटातल्या काही रसायनांवर युरोपनं २००५ मध्ये लहान मुलांच्या खेळण्यांपुरती बंदी घातली, कारण पोरं खेळणी तोंडात घालतात. मासा तर दुसरं काय करतो?

ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन गावी निक क्रीम नावाच्या गृहस्थानं १९४९ मध्ये घरच्या स्वयंपाकघरातच प्लास्टिकचं गांडूळ ओतून बनवलं. तिथून त्याचा मोठा धंदा झाला. साठ वर्षांनी त्याच अमेरिकेत, मेन राज्यातल्या अभ्यासकांनी ट्राउट माशांना खाण्याबरोबर हे किडे दिले. माशांनी ते आपणहून गिळले आणि नंतर त्यांचं वजन घटलं. २०१३ मध्ये त्या राज्यात अशा किड्यांवर बंदी घालायचं विधेयकही आलं. ते पुढं गेलं नाही, गळवाल्यांनी जोरदार विरोध केला. कॅनडात ओंटारियो प्रांतातल्या चार्ल्सटन तलावावरही अभ्यास झाला. तिथं दिसलं की हे किडे पाण्यात कुजत तर नाहीतच, उलट फुगतात. हे वाचलं आणि आमच्या ओट्यावरचा दीडपट जाड झालेला किडा डोळ्यांसमोर आला. पाण्यात पडला तेव्हा करंगळीएवढा असेल. पोटात गेल्यावर तो पुढं सरकायचा कसा?

पण मंडळी, रबरावरचा माझा विश्वास त्याआधीच, या पावसाळ्यातच हलला होता. ती गोष्ट पोटातल्या किड्यापेक्षा मोठी आहे.

ऑगस्टमधली सकाळ. पाऊस उघडला होता. तलावाच्या कडेला, गवताजवळ, पाण्यावर परातीएवढा एक लालसर-केशरी ठिपका हलत होता. जवळून बघितलं तर हजारो बारीक पिलांचा घोळका. मरळीची पिलं. मरळ पिलांना वाऱ्यावर सोडत नाही. घोळक्याच्या खाली आई-बाप थांबतात, पिलं श्वासाला वर येतात, आणि कुणी जवळ आलं की मोठा मासा अंगावर जातो. पोरानं हे व्हिडिओत बघितलं होतं. घोळका दिसला की त्यातून रबरी बेडूक ओढायचा, मरळ लागणारच. मी शेजारीच उभा होतो. मी अडवलं नाही, हे आधी कबूल करतो.

त्याच जागेवर आम्ही अर्धा तास गांडूळ टाकून बसलो होतो. काही हललं नव्हतं. बेडूक टाकला आणि पहिल्याच ओढीला पाणी फुटलं. काठी वाकली. दोन किलोच्या पुढची मरळ होती. पोरगं आनंदानं ओरडत होतं, मी मोबाइल काढून फोटोच्या तयारीत.

संस्थेचे एक म्हातारे मामा जाळं झटकत जवळच उभे होते. भोई समाजाचे, पाण्यावरच आयुष्य गेलेलं. ते आले, मासा बघितला, घोळक्याकडे बघितलं आणि पोराला म्हणाले, “बाळा, गांडुळाला भुकेला मासा येतो. ह्याला आली ती भुकेनं न्हाई आली. रागानं आली. लेकराजवळ कुणी आलं तर माय अंगावर येतीच ना?”

मग माझ्याकडे वळून म्हणाले, “पत्रकार सायेब, तुमी तर शिकलेले.”

बस, एवढंच. पुढं काही बोलले नाहीत. वाक्य अर्धंच ठेवलं, ते जास्त लागलं.

मरळ सोडून दिली. रबर होतं म्हणून गळ ओठात होता, म्हणून तरी सोडता आली. हे रबराच्या बाजूनं नोंदवतो. पण ती पिलांपर्यंत पोहोचली का, ते दिसलं नाही. लाल घोळका तोवर फुटून विस्कटला होता आणि कडेच्या चिलापी त्यात घुसल्या होत्या. पाणी ठिकठिकाणी टपटपत होतं, पाऊस पडल्यासारखं. पोरगा घरी येईपर्यंत गाडीवर मागं गप्प बसून होता. त्या दिवसापासून रबरी सामान कपाटात गेलं आणि आम्ही परत गांडुळावर आलो.

मामांचं ते वाक्य मी नंतर बऱ्याच ठिकाणी लावून बघितलं. वीस वर्षं या जिल्ह्यात निवडणुका कव्हर करतोय. आचारसंहिता लागली की ‘मतदारांना आमिष दाखवू नये’ हे वाक्य दर वेळी छापतो. तिथं आमिष म्हणजे पाकीट, साडी, जेवणावळ. भुकेवर टाकलेला गळ. पण भूक नसलेल्या माणसालाही रागावर ओढता येतं, त्याच्या पिलाजवळून काहीतरी फिरवलं की झालं. त्याला आपण आमिष म्हणतच नाही. आपल्या शहराला हे वेगळं सांगायला नको. असो. माशाकडे येतो.

आता हा सगळा आमच्या बापलेकाच्या रविवारचा मामला असता तर मी इथं लिहिलंच नसतं. पण गेल्या तीन-चार वर्षांत बघतोय, शहरातून गळ टाकायला येणारी तरुण पोरं वाढलीत. मला त्याचा आनंदच आहे. पण प्रत्येकाच्या पिशवीत रबरी पाकीट आहे आणि प्रत्येक जण दिवसाला एखाद-दुसरा किडा पाण्यात सोडून येतो. मोजतो कोण?

आणि हे पाणी कुठलं, ते बघा. आपल्या भागातले ओढे-नाले उतरतात ते बहुतेक गोदावरीकडेच. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी पैठणला ज्या धरणाची पायाभरणी केली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी ज्याचं लोकार्पण केलं, तो नाथसागर. भरला की १०२ टीएमसी पाणी. त्या जलाशयाला १९८६ मध्ये पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळालाय. तिथं हिवाळ्यात परदेशातून पाहुणे पक्षी येतात, आणि पाणकावळे-बगळे तर बारमाही. ज्या माशाच्या पोटात किडा, तो मासा पाणकावळ्याच्या पोटात. आणि याच नाथसागरातलं पाणी आपल्या शहराच्या नळाला येतं. कितव्या दिवशी येतं हा वेगळ्या पोस्टचा विषय, पण येतं तिथूनच. आपण ज्या पाण्यात बोअरच्या पाइपाचं मऊ प्लास्टिक टाकून येतो, तेच पाणी आपण पितो.

लगेच कुणी म्हणेल, नाथसागरात गावोगावचं सांडपाणी जातं, कारखान्यांचं जातं, त्यापुढं चार किडे म्हणजे किस झाड की पत्ती? बरोबर आहे. मी त्या सांडपाण्यावरही लिहिलंय, पुढंही लिहीन. पण ते माझ्या हातानं जात नाही. हा किडा माझ्या हातानं गेलाय.

राज्यात २०१८ मध्ये प्लास्टिकबंदी आली तेव्हा पिशव्या, थर्माकोलची ताटं, कप यांची यादी निघाली. गळाच्या किड्याचा विचार त्यात कुणाला सुचणार? आणि मी बंदी मागतही नाही. बंदीची बातमी होते, अंमलबजावणीची होत नाही, हे आम्हा पत्रकारांइतकं कुणाला माहीत? शिवाय बंदी आली तर उद्या ही सगळी पोरं जिवंत बेडकाकडे वळतील. तेही मला नकोय.

खऱ्या आमिषाचं पुण्यही मोजून घ्यावं. गांडूळ कुजतं, पण त्याच्या वरची शिशाची गोळी कुजत नाही आणि तुटलेला तंगूसही नाही. इंग्लंडात राजहंस शिशाच्या गोळ्या गिळून मरायला लागले तेव्हा, १९८७ मध्ये, त्यांनी गळाच्या बहुतेक शिसगोळ्यांची विक्रीच बंद केली. आमच्याकडे आम्ही ती गोळी दातानं दाबून बसवायचो! आता आम्ही लोखंडी नट लावतो. काम तेच होतं. दुसरं, जिवंत मासोळी आमिष म्हणून एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात नेऊ नये. चिलापी १९५२ मध्ये बाहेरून आपल्या देशात आणली, आज असं तळं दाखवा जिथं ती नाही. एका बादलीतून काय पसरेल याचा भरवसा नसतो.

तर माझ्यापुरता निकाल असा.

खाण्यासाठी मासा धरायचा असेल तर गांडूळ किंवा कणीक. जेवढा खायचा तेवढाच धरायचा. गळ जरा मोठा लावायचा, म्हणजे चिल्लीपिल्ली गिळत नाहीत. आणि काठी सोडून गप्पा मारत बसायचं नाही. जेवढा उशीर कराल तेवढा गळ खोल जातो.

धरून सोडायचा खेळ करायचा असेल तर रबर चालेल, पण मोकळ्या पाण्यात. शेवाळात नाही, बुडालेल्या बाभळीत नाही. किडा गळावर पक्का बसवायचा, शेपूट फाटलं की बदलायचा, आणि फाटलेला खिशात घालून घरी आणायचा. जाताना मोजून न्यायचे, येताना मोजून आणायचे. ‘पर्यावरणपूरक’ लिहिलेलं एक पाकीटही दुकानात बघितलं. किती दिवसांत कुजतं ते त्यावर कुठंच छापलेलं नव्हतं. ठेवून दिलं.

पावसाळ्यात, पिलांचा लाल घोळका दिसला तर काहीच टाकायचं नाही. रबर नाही, गांडूळ नाही, खडासुद्धा नाही. उभं राहून बघायचं. ते बघण्यासारखं असतं.

सगळ्यात आधी, तलाव ज्या संस्थेकडे आहे तिला विचारायचं. आपल्यासाठी तो रविवार असतो, त्यांच्यासाठी ते पोट असतं. त्यांनी सोडलेलं बोटुकलं मोठं होतं तेव्हा आपल्या काठीला वाकायला काहीतरी मिळतं. अभयारण्याच्या हद्दीत तर हौस म्हणून कुणी काठी घेऊन जाऊच नये.

संस्थांना आणि मत्स्यव्यवसाय विभागाला एकच मागणं आहे, फार खर्चाचं नाही. जिथं लोक गळ टाकायला बसतात तिथं काठावर तेलाचा एक रिकामा डबा टांगा. त्यावर लिहा: तुटका तंगूस आणि रबरी किडे यात टाका. आमच्या तलावावर हा डबा मामांनी मागच्या आठवड्यात टांगला. मी नेऊन दिला, त्यांनी बाभळीला बांधला. बुधवारी बातमीसाठी त्या बाजूला गेलो होतो तेव्हा डोकावलो. तंगुसाची दोन भेंडोळी, गुटख्याच्या पुड्या आणि एक लाल किडा. गुटख्याच्या पुड्यांचं काय करायचं ते नंतर बघू, पण लाल किडा बघून बरं वाटलं. आमचा नव्हता. म्हणजे दुसऱ्या कुणीतरी टाकला.

जाता जाता पोराचं सांगतो. पाकिटाचा हिशोब मी मगाशी दिला तो माझा नाही, त्याचा आहे. गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर त्यानं लिहून ठेवलाय. घरात तीन, कचऱ्यात एक, पाण्यात चार. मरळ चिरली त्या रात्री त्यानं वही काढली आणि ‘पाण्यात चार’ खोडून ‘पाण्यात तीन’ केलं. मी म्हणलं, “अरे, तो आपलाच होता हे कशावरून?”

तो म्हणाला, “नसेल पप्पा. पण कुणीतरी तर आपला म्हणायला पाहिजे ना.”

वही अजून तशीच आहे. तीन बाकी आहेत.